उतरणीवरचा मुरूम

अकोला
६ डिसेंबर १९६४

सौ. मनकर्णावहिनीस,
सप्रेम नमस्कार.

सिंधू सासरहून, बीबीहून माहेरी आल्याचं दादाच्या कार्डावरून कळलं. दादाचं कार्ड म्हणजे तारच. "सिंधू आली. प्रकृती ठीक. तूर बरी आहे." लेकीला आणि तुरीला सारखाच मान. म्हणून सविस्तर तुम्हाला विचारते आहे. तिचे पाय सुजतात का? जेवते का? रात्री झोप लागते का?

मागच्या खेपेचं मी विसरलेले नाही. तुम्हीही विसरला नसाल. दिवस भरायच्या आधीच, बीबीला असतानाच पोट दुखायला लागलं, भर पावसाळा, सुईण दुसऱ्या वस्तीवर गेलेली आणि तिला आणायला गेलेली गाडी वाटेत गाऱ्यात, चाकभर चिखलात रुतून बसली. ती पोचली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानंतर सिंधूचं मला एकच पत्र आलं. त्यात बाळाविषयी अक्षर नव्हतं. सासरच्या म्हशीविषयी होतं.

आता मनातलं लिहिते. या वेळी तिला माझ्याकडे पाठवा. माझ्या दोन खोल्या आहेत, शाळेच्या मागेच. मी एकटी, त्यामुळे घरात गडबड नाही. बायकांचा दवाखाना आमच्याच आळीत, चालत गेलं तरी पोचता येतं. गेल्या आठवड्यात इथे थोडा पाऊस शिंतडला, तर नगरपालिकेच्या माणसांनी दवाखान्यापुढे बारीक कच आणून पसरली. पोटुशी बाई घसरू नये म्हणून. सकाळी शाळेत जाताना त्या कचेवर चपला खरखर वाजतात आणि मला दर वेळी सिंधूची आठवण होते.

थंडी वाढायच्या आत पाठवलंत तर बरं. मी एस.टी.वर उभी राहीन.

आईला नमस्कार. दादाला सांगा, तुरीचं कळलं.

तुमची,
वच्छला

*

निमखेड बुवाचं
१७ डिसेंबर १९६४

वच्छलाबाईंना मनकर्णाचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण पोस्टमनच आला नाही. पिंपळगाव राजाहून इकडे येणारी वाट तीन-चार दिवस बंद होती. मावठं पडलं. भर मार्गशीर्षात असा पाऊस मी लग्न होऊन आल्यापासून पाहिला नाही. बोंडातला कापूस भिजून काळा पडला. तूर तेवढी उभी आहे.

सिंधू बरी आहे. पाय थोडे सुजतात. बोलते कमी. सकाळी उन्हात बसून सासूबाईंच्या वाकळीला टाके घालते.

इकडे सगळा गोंधळ नाल्याच्या उतरणीचा आहे. तुम्हाला ती आठवत असेलच. आपल्या घराच्या मागून विहिरीवर जाते ती. तुम्ही लहानपणी तिथून घसरत खाली जायच्या आणि सासूबाईंचा मार खायच्या, असं हे सांगतात. काळी माती, त्यावर पाणी आणि वरून बायकांच्या घागरींचं सांडलेलं. लोणी परवडलं. आणि तानाबाई नाल्याच्या पलीकडे राहते. गावात सुईण म्हणून एकच ती. सिंधूला पाहायला म्हणून येत होती, तर मधेच पाय सटकला आणि बसली. हाड मोडलं नाही, पण घोटा भोपळ्यासारखा सुजला. मी तेल घेऊन गेले तेव्हा म्हणाली, "पाय मोडला नाई वो बाई, पन भरोसा मोडला. मी त येतोच तुमच्या पोरीसाठी, पन त्या उतरनीले आधी पुसा, का येऊ देते का मले म्हनून."

हे सरपंच, म्हणून मी घरी येऊन यांच्या कानावर घातलं. पंचायत दर साली हिवाळ्यात बर्डीच्या टेकाडावरचा मुरूम आणते, गाडीवाल्या प्रत्येक घराची एक खेप. या साली तो उतरणीवर टाका, म्हटलं. हे म्हणाले, सभेत ठेवतो. सभा झाली. पंचायतीत आता कायद्यानं दोन बाया आहेत, पण त्या चावडीवर जात नाहीत. रजिस्टरच त्यांच्या घरी जातं आणि अंगठा घेऊन परत येतं. त्यातल्या एकीला मी विहिरीवर विचारलं, काय ठरलं? ती म्हणाली, "मले काय मालूम? मी भाकरी थापून राह्यली होती. उकंडराव कोतवाल आला, म्हने अंगठा द्या. मी पीठ पुसून देल्ला."

मुरूम यायला सुरुवात होईल. कुठे टाकतात ते पाहायचं.

सिंधूला अकोल्याला पाठवायचं म्हणता, तेही पाहू.

तुमची,
मनकर्णा

*

अकोला
२१ डिसेंबर १९६४

सौ. मनकर्णावहिनीस,
सप्रेम नमस्कार.

पत्र वाचलं. त्यात मुरूम फार आणि सिंधू थोडी, असं झालं आहे. रागावू नका. मी मास्तरीण आहे, निबंधात विषय सुटला की खूण करायची सवय लागली आहे.

तानाबाईचं ऐकून वाईट वाटलं. माझ्या लहानपणीसुद्धा ती मला म्हातारीच वाटायची. पण वहिनी, तिचा पाय सुजलेला, उतरण तशीच, पावसाचा नेम नाही. मग "पाहू" कशासाठी? आता वाट सुकली असेल. बैलगाडीत गादी टाकून सडकेपर्यंत आणलंत की पुढे एस.टी. आहे. खामगावला मी स्वतः येते.

दवाखान्यातली नर्स माझ्या ओळखीची आहे. तिला मी सगळं सांगून ठेवलं आहे. मी एक नवी सतरंजी घेतली, एक पितळी बंब मागून आणला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "पाहुणे येऊन राह्यले का मास्तरीणबाई?" मी हो म्हणाले. पाहुणा अजून जन्मायचा आहे, हे नाही सांगितलं.

माझ्या घरात अशी तयारी कधी झाली नाही. यांना जाऊन बारा वर्षं झाली. त्याआधीही घरात पाळणा नव्हता. म्हणून उत्साहात जास्त लिहिलं असेल तर दुर्लक्ष करा. पण उत्तर स्पष्ट द्या. होय की नाही?

तुमची,
वच्छला

*

निमखेड बुवाचं
२ जानेवारी १९६५

वच्छलाबाईंना नमस्कार.

सिंधू बरी आहे. पायाची सूज कमी आहे.

मुरूम आला. बर्डीवरून गाड्या लागल्या होत्या. लाल, खरखरीत, चांगला निघाला आहे. चावडीपुढे ढीग घातला आहे. पण उतरणीवर टोपलंभर पडला नाही. पंचायत समितीचे सभापती वीस तारखेला गावात येणार, शाळेच्या खोलीचं उद्घाटन करणार. तर त्यांची जीप वेशीपासून चावडीपर्यंत नीट यावी म्हणून सगळा मुरूम राखून ठेवला आहे. तोवर ढिगाला कोणी हात लावायचा नाही. उकंडराव कोतवाल घोंगडी घेऊन शेजारी बसतो. कुत्रं चढलं तरी दगड मारतो.

मी यांना म्हटलं, सभापती जीपमधून येणार, त्यांचा पाय कशानं घसरेल? हे म्हणाले, "तुले नाई समजत. रस्त्याले पैसे त्याइच्याच हातचे हायेत." मला नाही समजत हे खरं असेल. यांचंही खोटं नाही. पुढल्या साली सडकेला जोडणारा रस्ता मंजूर व्हायचा तर सभापती खूश पाहिजेत. तो रस्ता झाला तर मग अकोला काय आणि खामगाव काय. पण सिंधूचे दिवस पुढल्या साली भरणार नाहीत.

तुम्ही स्पष्ट विचारलंत म्हणून लिहिते. तिला इतक्या दूर हलवू नये, असं घरात ठरलं आहे. रीतीत बसत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

तुमची,
मनकर्णा

*

अकोला
५ जानेवारी १९६५

सौ. वहिनीस,

रीत मला समजते. समजावून सांगायची गरज नाही. ज्या घरात कुंकू नाही आणि पाळणा हलला नाही, तिथे पोटुशीला पाठवत नाहीत. बारा वर्षांत मी पुष्कळ ठिकाणी ही रीत पाहिली. शाळेतल्या बाया संक्रांतीला एकमेकींना हळदीकुंकवाला बोलावतात, तेव्हा मी मुलींच्या वह्या तपासायला घेते.

तुमच्याकडून हे येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

सतरंजी घडी करून ठेवली आहे. सिंधूला आशीर्वाद.

वच्छला

*

(कार्ड)

निमखेड बुवाचं
१६ जानेवारी १९६५

वच्छी,
आशीर्वाद. मुरूम गेला. तुझ्या वहिनीनं नेला. सर्व बाया सामील. आईसुद्धा. सभापती वीस तारखेला येणार, त्यांना काय सांगावं ते कळव, तू शिकलेली आहेस. सिंधूची प्रकृती ठीक. तूर काढली.
दादा

*

निमखेड बुवाचं
१८ जानेवारी १९६५

वच्छलाबाईंना मनकर्णाचा नमस्कार.

तुमच्या पाच तारखेच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं. राहिलं म्हणजे देता आलं नाही. पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं आणि दर वेळी पीठ काढताना ते दिसायचं.

यांनी तुम्हाला कार्ड टाकलं, ते मला टाकल्यावर कळलं. तेव्हा आधी मुरुमाचं सांगते, मग दुसरं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तानाबाई काठी टेकत आली. येताना नाल्यात पाणी नव्हतं, उतरण वाळलेली होती, तरी ती मधे दोनदा बसली. सिंधूचं पोट पाहून मला बाजूला घेतलं. म्हणाली, "माघ लागता लागता मोकळी होईन पोरगी. आभाळ साफ राह्यलं त मी आलोच समजा. नाई राह्यलं त मले पालखी धाडजा." स्वतःच हसली. सिंधू आतून ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "आई, इथंही गाराच हाये का व?" आल्यापासून मागच्या वेळेविषयी ती पहिल्यांदा बोलली.

मग मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. दर साली मी वाण म्हणून काहीतरी देते, कधी सुगडं, कधी फणी. या वेळी घरोघर सांगायला गेले ते असं सांगितलं, की येताना तुराटीची एक पेंडी आणि रिकामं टोपलं घेऊन या. काळी माती मुरूम गिळून टाकते, खाली तुराटी अंथरल्याशिवाय तो टिकत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं, तेव्हा तुराटी कशाला ते कोणाला सांगावं लागलं नाही. फक्त आशाबाई म्हणाली, "बाप्पा! वान तू देशीन का आमीच आनू? सरपंचीन झाली त लई कंजूस झाली बाई!" सगळ्या हसल्या. पण सरपण कोण सहज देतं? दिलं प्रत्येकीनं. एकीनं कुडाची तुराटी उपटून आणली.

दुपारी सगळ्या जमल्या. कुंकू लावलं, तीळगूळ दिला. मग मी आत गेले. सासूबाई मागच्या खोलीत सूप घेऊन बसल्या होत्या. मामंजी गेल्यापासून संक्रांतीला त्या तिथेच बसतात, बाहेर बायका जाईपर्यंत येत नाहीत. मी म्हटलं, सासूबाई, चला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता सूप फेकून मारतात. मी म्हटलं, हळदीकुंकवाला नाही बोलावत, मुरुमाला बोलावते. मुरुमाला सवाष्ण लागत नाही, टोपलं उचलणारी लागते.

"लोक काय म्हनतीन?"

"अन् तानाबाई पडली त काय म्हनतीन?"

सूप भिंतीला टेकवून उठल्या. त्यांच्यामागून मग गावातल्या आणखी चार-पाच विधवा आल्या, ज्या एरवी दारातून पाहतात.

आम्ही चावडीवर गेलो. पुरुष सगळे झेंड्याच्या पारावर होते, शर्यतीच्या बैलांवर वाद चालला होता. उकंडराव घोंगडी टाकून उभा राहिला. "बाई, मले वरून हुकूम हाये." सासूबाई म्हणाल्या, "उकंड्या, तुले पह्यल्यांदा आंगोळ कोनं घातली रे? तानीनं. तिच्या पायासाठी हाये हे. सरक." तो सरकला. नुसता सरकला नाही, फावडं घेऊन टोपली भरून द्यायला लागला. मी त्याला म्हटलं, तुझी नोकरी जाईल. तो म्हणाला, "सरपंचाच्या मायनं अन् बायकोनं चोरी केली त रपट कोनापाशी लिवू?"

दिवस मावळायच्या आत उतरण झाली. खाली तुराटी, वर मुरूम, विहिरीपासून वरपर्यंत. वरच्या टोकाला हातभर जागा तेवढी उरली, कारण मुरूम संपला.

हे घरी आले, हात धुतले, जेवले. बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याला निघाले तर उतरणीवर कोणीतरी धुम्मस मारत होतं. पाहते तर हेच. मला पाहून म्हणाले, "नुसता टाकून भागते का? ठोका लागते. इतकीही अक्कल नाई." आणि ठोकत राहिले.

आता दुसरं.

"रीतीत बसत नाही" हे मी लिहिलं, पण ते माझ्या मनातलं नव्हतं. तुमचं पहिलं पत्र मी घरात वाचून दाखवलं तेव्हा मी तिला पाठवायला तयारच होते. सिंधूलाही जायचं होतं. पण घरातून एक शब्द आला आणि त्यापुढे हेही गप्प बसले. तो शब्द कोणाचा, हे मी लिहिणार नव्हते. माझ्यावर राग धरलात तर तो वर्षा-दोन वर्षांत गेला असता, मी परकी. दुसऱ्या कोणावर धरलात तर जाणार नाही, असं वाटलं. पण तुम्ही वह्या तपासायला घेता, ते वाचल्यावर गप्प राहणं मला जमलं नाही. तुमच्या आईनं म्हटलं ते. त्या स्वतः त्या मागच्या खोलीत बसून राहिल्या आणि तुम्हालाही तिथेच बसवलं. त्यांना दुसरं काही माहीत नाही.

आता सिंधूला गाडीत घालण्याइतके दिवस राहिले नाहीत. जे व्हायचं ते इथेच.

तुमची,
मनकर्णा

*

अकोला
२३ जानेवारी १९६५

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र मी शाळेत वाचलं, मग घरी येऊन वाचलं.

आईनं म्हटलं, हे मला आतून माहीत असावं. तुमच्यावर राग धरणं सोपं होतं म्हणून धरला. यांच्या मागे मी पहिल्यांदा माहेरी आले, तेव्हा आईनंच मला मागच्या खोलीत बसायला सांगितलं होतं. तिचा आवाज तेव्हा कडक नव्हता. पावसात आलेल्या माणसाला "इकडे बस, तिकडे गळतं" म्हणावं, तसा होता. आजपर्यंत मला ते तसं दिसलं नव्हतं.

ती टोपलं घेऊन चावडीवर गेली, हे मी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करते. येत नाही. मला तिचं सूपच दिसतं.

एक विचारते. मी तिथे असते, तर त्या दिवशी मलाही टोपलं दिलं असतं का तुम्ही? उत्तर देऊ नका. मला माहीत आहे. तरी विचारावंसं वाटलं.

खामगावकडे निघालेल्या आमच्या शाळेच्या शिपायाबरोबर गाठोडं पाठवते आहे, तो पिंपळगाव राजाच्या पोस्टात देईल. त्यात नाळ कापायला नवी पाती आहेत, उकळलेला दोरा कोऱ्या कापडात बांधून आहे, साबण आहे, उबदार फलाटीनचे दोन तुकडे आहेत. नर्सबाईंनी सांगितलेलं सोबत लिहिलं आहे. तानाबाईला वाचून दाखवा. तिला राग येईल. तरी दाखवा.

सभापतींना दादानं काय सांगितलं?

इथे आज सकाळपासून आभाळ भरून आलं आहे. शाळेत मी खिडकीजवळच उभी होते. मुली म्हणाल्या, बाई, काय पाहता? मी म्हटलं, भूगोल.

तुमची,
वच्छला

*

निमखेड बुवाचं
५ फेब्रुवारी १९६५

वच्छलाबाईंना मनकर्णाचा नमस्कार.

सिंधूला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

सभापतींचं तुम्ही विचारलंत. ते आले त्या दिवशी लख्ख ऊन होतं. जीप धूळ उडवत वेशीतून आली आणि तशीच गेली. मुरुमाची त्यांना आठवणही झाली नाही. यांनी मात्र आदल्या दिवशी भाषण पाठ केलं होतं, "गावातील महिलांनी श्रमदानाने..." असं काहीसं. म्हणायची वेळच आली नाही. म्हणून ते घरी येऊन मला म्हणून दाखवलं.

पाऊस आला तो महिन्याच्या शेवटी. आदल्या संध्याकाळी सुरू झाला, सकाळपर्यंत गावाचा रंग बदलून गेला. चावडीपुढे गुडघाभर चिखल-गारा. दुपारी सिंधूला कळा लागल्या. तिनं माझा हात धरला आणि माझ्याकडे न पाहता दाराकडे पाहत राहिली. मला कळलं ती काय पाहते आहे. हे डोक्यावर पोतं घेऊन तानाबाईकडे निघाले.

मी मागच्या दारात उभी होते. तिथून उतरण दिसते. खाली विहिरीपाशी तानाबाई दिसली, काठी एका हातात, मी आधीच देऊन ठेवलेलं तुमचं गाठोडं काखेत. नाल्यात घोट्याएवढं पाणी होतं, ते यांनी हात धरून पार करवलं. उतरणीवर आल्यावर तिनं यांचा हात सोडला. आधी काठीनं दाबून पाहिलं. मग पाय टाकला. मुरूम करकर वाजला, तो मला दारापर्यंत ऐकू आला. तुम्ही लिहिलं होतं ना, दवाखान्यापुढे चपला वाजतात, तसाच. आत वळून मी सिंधूला म्हटलं, तानाबाई येऊन राह्यली. सिंधू म्हणाली, "आयकू येते."

ती भरभर चढली असं नाही. तिच्या चालीनं चढली. पण थांबली नाही.

दिवेलागणीला पोर झाली. तुमची यादी मी आधीच वाचून दाखवली होती. तानाबाई चिडली होती, "आमी का जंगलातून आलो? अर्धं गाव मी काढलं या हातानं!" पण वेळ आली तेव्हा हात साबणानं धुतले, पातं तुमचंच घेतलं, दोराही तुमचाच. वर मला दटावलं, "अकोल्याले कळवजा, का मी मानलं म्हनून." कळवलं.

पोर लहानखुरी आहे, पण आवाज मोठा आहे. सिंधू तिला फलाटिनीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसते आणि तासन् तास काही बोलत नाही. हे न बोलणं पहिल्यासारखं नाही. परवा मला म्हणाली, "आई, आत्याले लिव, मले तिच्या घरी याचं होतं म्हनून." म्हणून लिहिलं.

आता तुमच्या पत्राचं. पाऊस यायच्या आधीच मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. सगळं. तुम्ही टोपल्याविषयी विचारलंत तेही. त्या ऐकत होत्या, तुरी पाखडत होत्या. पाखडणं थांबलं नाही. मला वाटलं, ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी उकंडराव वरच्या टोकाची ती हातभर जागा भरायला आला. बर्डीवरून स्वतः एक टोपलं आणलं होतं बिचाऱ्यानं. सासूबाई मागच्या दारातून ओरडल्या, "थांब रे. ते टोपलं इथी आनून ठेव. ते नाई टाकाचं." तो म्हणाला, काऊन? त्या म्हणाल्या, "ते माह्या वच्छीचं हाये. ती आली का टाकन."

टोपलं आमच्या मागच्या दाराशी ठेवलं आहे. पावसात त्यावर त्यांनी स्वतःचं डोक्यावर घ्यायचं घोंगतं झाकलं होतं. उतरणीच्या वरच्या टोकाला ती हातभर काळी जागा तशीच आहे. पाण्याला जाणाऱ्या बायकांना आता सवय झाली आहे, तिथे आल्या की पाय उचलून पलीकडे टाकतात. त्या दिवशी तानाबाईलाही यांनी तिथेच तेवढं हाताला धरून ओलांडवलं.

बारसं पुढच्या आठवड्यात आहे. सासूबाई तुम्हाला या असं म्हणाल्या नाहीत. त्यांना ते म्हणता येईल असं मला वाटत नाही. पण रोज सकाळी त्या टोपल्यावरचं घोंगतं काढून मुरूम कोरडा आहे का पाहतात.

काल तानाबाई पोरीला न्हाऊ घालून परत निघाली, त्या जागेवरून पाय उचलताना मागे वळून ओरडली, "मास्तरनीले लिवा, का लवकर ये म्हना! दर डाव मीच काऊन उडी मारू?"

तुमची,
मनकर्णा